रॅकवर पुस्तक, चिठ्ठीवर ‘नाही’

मागणीचिठ्ठीवर लाल पेनने एकच शब्द लिहिलेला होता : ‘नाही’. खाली आमच्या ग्रंथालय परिचराची सही. वरच्या रकान्यात निळ्या शाईतले वळणदार अक्षर : ‘शेतकऱ्यांचा आसूड, महात्मा फुले’. वर्ग एस.वाय.बी.ए., रोल नंबर, तारीख. कॉल नंबरचा, म्हणजे रॅकवरची जागा सांगणाऱ्या क्रमांकाचा, रकाना कोरा.

अशा ‘नाही’च्या चिठ्ठ्या आम्ही संध्याकाळी टोपलीत टाकत असू. ही वाचली ती योगायोगाने. गणपतीची सुट्टी संपून कॉलेज सुरू झाले होते. मंगळवारी ही चिठ्ठी आली आणि शुक्रवारी इतिहासाचे सर माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, “मॅडम, मुलं म्हणतात आपल्याकडे फुल्यांचं ते पुस्तकच नाही. मी बी.ए.ला असताना इथंच, त्या खिडकीखाली बसून वाचलंय.” सर याच कॉलेजचे माजी विद्यार्थी. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसते आश्चर्य होते. मला मात्र ते लागले. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात सोळा वर्षे ग्रंथपाल म्हणून काम केल्यावर, आपल्याच संग्रहात काय आहे हे दुसऱ्याने सांगावे, आणि तेही जोतीराव फुल्यांच्या पुस्तकाबद्दल!

त्या एका चिठ्ठीचा माग काढताना जे हाती आले ते इथे सगळे लिहिते आहे. ज्यांच्या ग्रंथालयात संगणकावर नोंदी आहेत आणि पुस्तके मराठी आहेत, त्यांच्याकडेही यातले निम्मे तरी सापडेल, असा माझा अंदाज आहे.

चिठ्ठीचा प्रवास

आमच्याकडे पदवीच्या मुलांना स्टॅकरूममध्ये, म्हणजे पुस्तकांच्या रॅकांच्या खोलीत, थेट प्रवेश नाही. जागा अरुंद, माणसे कमी, म्हणून ही पद्धत पूर्वापार चालत आलेली. विद्यार्थ्याने देवघेव काउंटरबाहेरच्या संगणकावर पुस्तक शोधायचे, दाखल क्रमांक (ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक प्रतीचा अनुक्रमांक) आणि कॉल नंबर चिठ्ठीवर उतरवायचा, चिठ्ठी बारापर्यंत पेटीत टाकायची. मामा, म्हणजे आमचे ग्रंथालय परिचर, पुस्तके काढून आणतात आणि दोननंतर वाटप होते. पुस्तक घरी नेण्यासाठी प्रत्येकाला दोन बी.टी. कार्डे, पुस्तक आठ दिवसांसाठी.

कागदावर ही रीत सरळ दिसते. ती चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलीच्या बाजूने पाहिले की वेगळी दिसते. तिचे गाव एस.टी.च्या आडमार्गावर. परतीची गाडी दोन वीसला, ती चुकली तर पुढची थेट साडेपाचला. म्हणजे मंगळवारी बाराच्या आत टाकलेल्या चिठ्ठीचे उत्तर तिला बुधवारी सकाळीच कळणार. उत्तर ‘नाही’ आले. तिने ते मान्य केले आणि ती निघून गेली. काउंटरवर कोणी काही विचारले नाही, तिनेही विचारले नाही. का विचारील? ग्रंथालयानेच सही करून लिहून दिले होते की पुस्तक नाही.

मामांना मी त्याच दिवशी विचारले. ते म्हणाले, “कॉल नंबर नव्हता म्हणून मी कॉम्प्युटरवर बघितलं मॅडम. ‘नो रेकॉर्ड’ आलं. फुल्यांचं जाड पुस्तक आहे ना आपल्याकडं, पण पोरीनं ते मागितलंच नव्हतं. तिनं आसूड मागितला.”

हे वाक्य मी कितीदा तरी मनात घोळवले. त्या जाड पुस्तकातच आसूड आहे, हे मामांना माहीत असण्याचे कारण नव्हते. त्यांचे काम रॅकवरून पुस्तक काढण्याचे. रॅकवर काय कुठे आहे हे त्यांच्याइतके पक्के कोणालाच ठाऊक नाही. आत काय आहे हे सांगण्याचे काम तालिकेचे, ग्रंथांच्या सूचीचे, म्हणजे पर्यायाने माझे.

संगणकापुढे

मी स्वतः शोधायला बसले. आधी देवनागरीत : ‘शेतकऱ्याचा असूड’. काही नाही. ‘शेतकऱ्यांचा आसूड’. नाही. मग रोमन अक्षरांत, कारण आमच्या जुन्या नोंदी रोमनमध्येच आहेत. इथे खरी पंचाईत सुरू झाली. ‘शेतकऱ्याचा’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत किती तऱ्हांनी लिहिता येतो ते एकदा स्वतः लिहून पाहावे. मधल्या ‘त’ला ‘ए’ जोडायचा की नाही, ‘ऱ्या’साठी ‘आर-वाय-ए’ की ‘आर-आय-ए’, शेवटचा ‘चा’ ‘सी-एच-ए’ की ‘सी-एच-डबल-ए’. असूडचा ‘सू’ एकाला ‘एस-यू’, दुसऱ्याला ‘एस-डबल-ओ’. फुले कोणी ‘पी-एच’ने लिहितो, कोणी ‘एफ’ने. नाव जोतीराव, जोतिबा, ज्योतिबा, ज्योतिराव. नोंदी करताना प्रत्येकाने आपल्या कानाला बरे वाटले ते लिहिले, आणि विद्यार्थी आपल्या कानाला बरे वाटेल ते टाइप करतो. दोघांचे कान जुळले तर पुस्तक सापडते.

‘पी-एच’ने फुले टाकल्यावर काही नोंदी आल्या. सगळी चरित्रे, फुल्यांवर इतरांनी लिहिलेली. फुल्यांनी स्वतः लिहिलेले एकही पुस्तक नाही. क्षणभर वाटले, सरांची आठवणच चुकत असावी.

तेव्हा स्टॅकरूमच्या मागच्या खोलीतल्या लाकडी कॅबिनेटची आठवण झाली.

कार्डांचे कपाट

संगणक येण्याआधी प्रत्येक ग्रंथालयात असे कपाट असे. छोटे छोटे खण, प्रत्येक खणावर पितळी चौकटीत अक्षर, आत साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरची कार्डे, आणि ती कोणी काढून नेऊ नयेत म्हणून खालच्या भोकातून ओवलेली लोखंडी सळई. नोंदी संगणकावर गेल्यावर आमचे कपाट मागे गेले. त्याच्यावर परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचले गेले. रद्दीत गेले नाही ते केवळ सागवानी होते म्हणून.

‘श’चा खण ओढला. धुळीने बोटे काळी झाली. ‘शेत’पासून पुढे सरकत गेले आणि कार्ड समोर आले. टाकाने लिहिलेले, काळी शाई किंचित तपकिरी झालेली. वर शीर्षक : शेतकऱ्याचा असूड. खाली लेखकाचे नाव. त्याखाली एका ओळीत सांगितले होते की हे लेखन ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ या ग्रंथात पाहावे, आणि पुढे पृष्ठांक. उजव्या कोपऱ्यात कॉल नंबर.

ज्यांनी हे कार्ड लिहिले ते ग्रंथपाल माझ्या आधीच्या आधीचे. मी त्यांना कधी पाहिलेले नाही. त्यांनी समग्र वाङ्मयाचा ग्रंथ आला तेव्हा तो उघडून, आतली प्रत्येक कृती पाहून, प्रत्येकीचे वेगळे कार्ड केले होते. मी ‘ग’चा खण ओढला. ‘गुलामगिरी’चे कार्ड होते. ‘स’मध्ये ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ होते. आमच्या विषयात याला वैश्लेषिक नोंद म्हणतात. आम्ही ती परीक्षेपुरती शिकलो. या माणसाने ती हाताने, एकेक करून, पगारात एक पैसाही न वाढता केली होती. कारण पुढे कधीतरी एखादा विद्यार्थी येईल आणि ग्रंथाचे नाव न सांगता आतल्या कृतीचे नाव सांगेल, हे त्यांना दिसत होते.

मग ही नोंद संगणकात का आली नाही? नोंदी संगणकावर नेण्याचे काम ठेक्याने दिले गेले होते, दर नोंदीमागे ठरावीक रक्कम. टंकलेखन करणाऱ्या मुलांसमोर ठेवले होते दाखल रजिस्टर. त्यात दाखल क्रमांक, तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पाने, किंमत, बिल क्रमांक एवढे रकाने असतात. ते हिशेबाचे पुस्तक, खरेदी केलेल्या मालाची यादी. वाचकाला वाट दाखवण्यासाठी ते कधीच नव्हते. वाट दाखवणारी कार्डे त्या मुलांनी पाहिली नाहीत, कारण कोणी त्यांना पाहायला सांगितले नाही. त्या वेळी मी नोकरीला लागले होते. काम तपासून देण्याच्या कागदावर माझीही सही आहे. मी संख्या मोजली, दाखल क्रमांक जुळतात का ते पाहिले आणि सही केली.

आम्हाला वाटले, सोय वाढली. जलद शोध, घरबसल्या शोध. एका बाजूने ती वाढलीच. पण दुसऱ्या बाजूने ग्रंथालयाने स्वतःची एक जुनी, कष्टाने कमावलेली आठवण पुसून टाकली आणि ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

तीन प्रती

कार्डावरच्या कॉल नंबरावरून पुढचा शोध सोपा झाला. समग्र वाङ्मयाच्या दोन प्रती आमच्याकडे होत्या. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने हा ग्रंथ 1969 मध्ये प्रसिद्ध केला. संपादक धनंजय कीर आणि स. गं. मालशे. पुढे 1991 मध्ये य. दि. फडके यांनी संपादित केलेली आवृत्ती आली. पहिल्या आवृत्तीची आमची प्रत संदर्भ विभागात, घरी न नेण्याच्या पुस्तकांत होती. दाखल रजिस्टरमध्ये लेखकाच्या रकान्यात संपादकांचेच नाव असल्यामुळे संगणकात ती कीरांच्या नावावर चढली. रजिस्टर लिहिताना कोणी शीर्षकपृष्ठावरची छोट्या अक्षरातली नावे उतरवून घेतली असणार. शिवाय ‘वाङ्मय’ हा शब्द रोमनमध्ये ‘व्ही’ने की ‘डब्ल्यू’ने, त्यातला ‘ङ’ ‘एन-जी’ने की नुसत्या ‘एन’ने, हा वेगळाच घोळ.

आणि त्या प्रतीचा वर्गांक होता 891.46, म्हणजे पुस्तकांना विषयाप्रमाणे आकडे देणाऱ्या ड्यूई दशांश वर्गीकरणात मराठी साहित्य. कथाकवितांच्या शेजारी. शीर्षकात ‘वाङ्मय’ म्हणून साहित्यात. जातिव्यवस्थेवर, शेतकऱ्यांच्या कर्जावर, शिक्षणावर लिहिलेले सारे लेखन एका शब्दामुळे ललित झाले.

दुसरी प्रत एका विभागाच्या कपाटात, प्राध्यापकांच्या नावावर. वर्षअखेरीस नोंदीपुरती परत येऊन पुन्हा त्याच नावावर जात होती. बरीच वर्षे. वाईट हेतू नव्हता, ती त्या विभागाचीच आहे असे सगळ्यांना वाटू लागले होते.

तिसरी प्रत मात्र मला हलवून गेली. ‘श’च्या खणात त्या पहिल्या कार्डामागेच आणखी एक कार्ड होते. अक्षर वेगळे, बॉलपेनचे. ‘शेतकऱ्याचा असूड’ याच नावाची एक स्वतंत्र, पातळ आवृत्ती आमच्याकडे होती. कोपऱ्यात वर्गांक : 630.

630 म्हणजे शेती.

मी आणि मामा विज्ञानाच्या दालनात गेलो. तिथे खालून दुसऱ्या फळीवर, एका बाजूला रासायनिक खतांचे पुस्तक, दुसऱ्या बाजूला डाळिंबाच्या बागेचे, आणि मध्ये हे. शीर्षकात ‘शेतकरी’ दिसला म्हणून वर्गीकरण करणाऱ्याने शेतीत टाकले. शेवटच्या पानावर देवघेवीच्या तारखांचे शिक्के मारायची तारीखचिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर एकही शिक्का नव्हता. ते पुस्तक आमच्या दारात आले त्या दिवसापासून एकाही माणसाच्या हातात गेले नव्हते. खताची माहिती शोधणाऱ्याला ते नको होते, आणि फुल्यांना शोधणारा त्या दालनात कधी येणार नव्हता.

इथे थोडे थांबून त्या पुस्तकाविषयी सांगायला हवे, कारण त्याशिवाय ती कोरी तारीखचिठ्ठी किती बोचते ते कळणार नाही. जोतीरावांनी हे पुस्तक 1883 मध्ये पूर्ण केले. त्यांनी ते लिहून कपाटात ठेवले नाही. गावोगावी लोकांना वाचून दाखवले. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी ते ऐकले. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत पुस्तक पोहोचवायचे तर ते मोठ्याने वाचावे लागते, हे त्यांनी स्वतः करून दाखवले. त्याच सयाजीरावांनी पुढे 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथालयतज्ज्ञाला बोलावले आणि बडोदा संस्थानात गावागावांत मोफत वाचनालयांचे जाळे उभे केले. हा सगळा वारसा आमच्याच ग्रंथालयाचा. आणि आमच्याकडे त्याच पुस्तकाच्या तीन प्रती असताना शेतकऱ्याच्या मुलीला आम्ही ‘नाही’ लिहून दिले.

ती मुलगी

सोमवारी मामा वर्गावर जाऊन तिला घेऊन आले. ती घाबरलेली होती. ग्रंथालयातून बोलावणे म्हणजे दंड, असे मुलांच्या डोक्यात पक्के बसलेले असते. “मॅडम, माझ्याकडं कुठलं पुस्तक बाकी नाही,” हे तिचे पहिले वाक्य.

मी तिला खुर्चीवर बसवले. “अगं, तुझं नाही, आमचंच तुझ्याकडं बाकी आहे,” म्हटले आणि पातळ पुस्तक तिच्या पुढ्यात ठेवले.

प्रकल्पाचा विषय होता एकोणिसाव्या शतकातला महाराष्ट्रातला शेतकरी. सरांनी सांगितले होते, मूळ पुस्तक वाचून लिहा. पुस्तक नाही कळल्यावर तिने कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून गाइड विकत घेतले होते आणि त्यातून चार पाने उतरवून झाली होती. ती पानेही तिने मला दाखवली. मंडळाची बरीच प्रकाशने आज मोफत पीडीएफ रूपात मिळतात, हे मी सांगितले तेव्हा ती म्हणाली, “घरात एकच मोबाइल आहे, तो दादाकडं असतो.” मोबाइलवर शेकडो पानांचा ग्रंथ वाचणे हा तिच्यासाठी पर्याय नव्हता, आणि मी तो पर्याय म्हणून पुढे करायला नको होता.

तिने पुस्तक उघडले आणि उपोद्घातावर थबकली. ‘विद्येविना मति गेली’ ही ओळ तिथे आहे. “हे तर आमच्या शाळेच्या भिंतीवर आहे,” ती म्हणाली. ही ओळ न वाचलेले पोर महाराष्ट्रात सापडणार नाही. ती या पुस्तकाच्या उपोद्घाताची सुरुवात आहे हे तिला पहिल्यांदाच कळत होते. तिने त्या पुढचे वाचायला सुरुवात केली. मी माझ्या कामाला लागले. दोन वीसची गाडी गेली तरी ती वाचत बसली होती.

नोंदीतले दोष

हे प्रकरण नीट लिहून काढायचे ठरवले तेव्हा ‘कोणाची चूक’ हा प्रश्न मी बाजूला ठेवला. माणसे बदलली असती तरी चिठ्ठीवर ‘नाही’च आले असते. दोष नोंदीच्या घडणीत होते.

रोमन लिप्यंतराचा गोंधळ वर सांगितलाच. पण नव्या नोंदी देवनागरीत केल्या की सगळे सुटेल, असे मला वाटत होते ते खोटे ठरले. ‘शेतकऱ्या’ या शब्दातला ‘ऱ्य’ मराठीचा खास. तो युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या संकेतप्रणालीत, दोन रीतींनी टाइप होतो. एका रीतीत नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त आणि ‘य’ जोडतात. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारा एक जोडचिन्हाचा संकेत आणि ‘य’. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. नोंद एका रीतीची आणि शोध दुसऱ्या रीतीचा असला की उत्तर ‘नो रेकॉर्ड’. काहींच्या टायपिंगमध्ये तो न दिसणारा संकेत गळतो आणि ‘सूर्य’मधल्यासारखा रफार तयार होतो, तो तिसरा शब्द. ‘वाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’, ‘कोऱ्या’, ‘सातारच्या पायऱ्या’, असे शब्द मराठी शीर्षकांत किती असतात ते मोजायला बसले तर दमछाक होईल. इंग्रजी पुस्तकांच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवतच नाही, म्हणून ग्रंथालयाच्या प्रशिक्षणात मी तो कधी ऐकला नाही.

त्यात ‘असूड’ आणि ‘आसूड’. जोतीरावांचे शीर्षक ‘शेतकऱ्याचा असूड’, एकवचनी. लोकांच्या तोंडी मात्र ‘शेतकऱ्यांचा आसूड’ सर्रास असते. त्या मुलीनेही तसेच लिहिले होते. ही विद्यार्थ्याची चूक म्हणून सोडून द्यायची नसते. लोक ज्या नावाने हाक मारतात त्या नावानेही पुस्तकाने ओ दिली पाहिजे.

टोपणनावांची गत याहून निराळी नाही. वि. वा. शिरवाडकरांनी कविता कुसुमाग्रज या नावाने लिहिल्या आणि नाटके स्वतःच्या नावाने. एका नावाखाली शोधले तर त्यांचे निम्मे लेखन दिसत नाही. जुन्या कार्डांत ‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’ अशी जोडकार्डे होती. संगणकात ती नव्हती.

आणि सर्वांत खोल दोष त्या ‘नाही’ शब्दातच होता. आमच्या चिठ्ठीवर नकाराला एकच शब्द होता. पुस्तक संग्रहातच नाही, पुस्तक बाहेर गेले आहे, संदर्भात आहे म्हणून घरी देता येत नाही, असायला हवे पण सापडत नाही, नोंदच मिळत नाही : या पाच अगदी वेगळ्या गोष्टी. विद्यार्थ्याने प्रत्येक वेळी काय करायचे तेही वेगळे. बाहेर गेले असेल तर राखून ठेवा म्हणून सांगायचे, संदर्भात असेल तर बसून वाचायचे. आम्ही पाचही गोष्टींना ‘नाही’ म्हणत होतो.

साठा पडताळणीत हरवलेल्या पुस्तकांचा हिशेब काटेकोर द्यावा लागतो. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत तर वर्षात दिलेल्या वा हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच इतकी हानी वाजवी धरली आहे. पण रॅकवर नीट उभे असून कोणालाच न सापडणाऱ्या पुस्तकाचा रकाना कुठल्याही पडताळणीत नाही. त्या 630 च्या प्रतीवर दर पडताळणीत ‘आहे’ अशी खूण झालेली होती. तीन खुणा मी स्वतः केलेल्या सापडल्या.

पुढे केले ते

पहिले काम चिठ्ठीचे. छापखान्यातून नव्या चिठ्ठ्या आणल्या. त्यांवर वरचे पाच पर्याय छापले आहेत, मामा त्यांतल्या एकावर खूण करतात. ‘नोंद मिळत नाही’वर खूण झाली की चिठ्ठी विद्यार्थ्याच्या हाती देण्याआधी माझ्या टेबलावर येते. चिठ्ठीवर एक ओळ वाढवली : ‘हे पुस्तक कशासाठी हवे आहे?’ सुरुवातीला मुलांना तो चौकशीचा प्रश्न वाटला. काउंटरवर समजावून सांगावे लागले की उत्तर लिहिले तर दुसरे पुस्तक सुचवता येते. पूर्वी टोपलीत जाणाऱ्या चिठ्ठ्या आता तारखेने एका वहीत चिकटवतो.

दुसरे काम नोंदींचे, आणि ते अजून चालू आहे. ‘कमवा व शिका’ योजनेतली चार मुले रोज दोन तास बसतात. कार्डांचे कपाट पुढच्या दालनात आणले. मुले एकेक खण काढतात, वैश्लेषिक कार्ड दिसले की ती माहिती संगणकातल्या मूळ नोंदीत भरतात. मार्क या संगणकीय ग्रंथनोंदींच्या ठरावीक पद्धतीत यासाठी जागा आहेतच : 505 क्रमांकाच्या क्षेत्रात अनुक्रमणिका, 246 मध्ये शीर्षकाची इतर रूपे, 700 मध्ये जोड व्यक्तिनावे, 880 मध्ये दुसऱ्या लिपीतले रूप. ही क्षेत्रे आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या दिवसापासून होती. रिकामी होती. ‘ऱ्य’ असलेल्या शीर्षकांत आम्ही 246 मध्ये दोन्ही रीतींची रूपे टाकतो. हा ओबडधोबड उपाय आहे, शोधयंत्रानेच दोन्ही एक मानायला हवीत, पण ते आमच्या हातात नाही.

सगळा संग्रह एवढ्या बारकाईने होणार नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात मान्य केले. म्हणून समग्र वाङ्मय, निवडक लेखसंग्रह, गौरवग्रंथ आणि नाट्यसंग्रह एवढेच आधी घेतले. ज्यांच्या पोटात दुसरी पुस्तके दडलेली असतात ते हेच ग्रंथ. मुलांनी काम करता करता आपणच पुस्तके घरी न्यायला सुरुवात केली, हे मला सर्वांत सुखावून गेले. अनुक्रमणिका टाइप करताना एखादे नाव डोळ्यांत भरते आणि पोर ते उघडून पाहते.

तिसरे काम माणसांशी बोलण्याचे. विभागाच्या कपाटातली प्रत परत आली. मी स्वतः जाऊन बोलले, कारण तारीखचिठ्ठी दाखवून लेखी नोटीस पाठवली असती तर पुस्तक आले असते आणि संबंध गेले असते. आता ती देवघेवीत आहे.

स्टॅकरूम मुलांना खुली करावी, हे माझे मत मी ग्रंथालय समितीपुढे मांडले. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे 1931 मध्ये मांडली, त्यांतले चौथे वाचकाचा वेळ वाचवण्याचे आहे, आणि मुक्त प्रवेशाचा त्यांनी आयुष्यभर आग्रह धरला. समितीला चोरीची भीती वाटते, ती खोटी नाही. तूर्त इतके झाले : शनिवारी दहा ते एक या वेळात, एका वेळी दहा जणांना, मामांच्या देखरेखीखाली आत सोडतो. मुले रॅकमधून नुसती फिरतात. फिरता फिरता जे सापडते ते चिठ्ठी लिहून कधीच सापडत नाही.

डमी

त्या पातळ प्रतीचा वर्गांक बदलून आम्ही 305.5633 केला, शेतकरीवर्गाच्या सामाजिक स्थितीचा. कण्यावरचे जुने लेबल खरवडून नवे लावले. आठ दिवसांनी ती मुलगी पुस्तक परत करायला आली तेव्हा लेबल बदलल्याचे तिने लगेच ओळखले.

“आता हे खताच्या रॅकला नसणार?”

नाही, मी म्हटले, आता योग्य जागी गेलं.

ती थोडी घुटमळली. “मॅडम, तिथं पण राहू द्या ना. आमच्या गावातली कृषी डिप्लोमाची पोरं तिकडंच जातात. ती इतिहासाच्या रॅकला कधी येत नाहीत.”

पुस्तक एका वेळी एकाच जागी राहू शकते. पण जुन्या ग्रंथालयांत यावर एक उपाय असे, तो मामांना आठवला. पुठ्ठ्याचा, पुस्तकाच्या मापाचा तुकडा कापून, कण्याच्या बाजूला नाव लिहून फळीवर उभा करायचा. त्याला डमी म्हणतात. मामांनी त्याच दुपारी एक केला. खतांच्या आणि डाळिंबाच्या पुस्तकांमध्ये तो आता उभा आहे. त्यावर ठळक अक्षरांत शीर्षक, खाली ‘समाजशास्त्र दालन, रॅक 4’, आणि त्याखाली त्या मुलीने स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलेली ओळ : ‘विद्येविना मति गेली हे यात आहे.’